कमी खर्चात एमएसडब्ल्यू: नागपूरचं कॉलेज की इग्नू?

पैनगंगाकाठ
आमच्या गावातल्या एका मुलीसाठी विचारते आहे. बीए (समाजशास्त्र) झाली, ६३ टक्के. अनुसूचित जाती, घरच्या उत्पन्नाचा दाखला ९६ हजारांचा, गाव उमरखेड तालुक्यात. तिला सरकारी दवाखान्याच्या समाजसेवा विभागात काम करायचं आहे, म्हणून एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करायचं म्हणते. घरून वर्षाला फार तर २५ हजार निघतील. नागपूरच्या दोन कॉलेजांत चौकशी केली तर एकाची फी दुसऱ्याच्या कितीतरी पट, आणि विद्यापीठ मात्र एकच. लोक म्हणतात इग्नूतून (इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ, दूरशिक्षण) घरबसल्या करू दे, नाहीतर एमए समाजशास्त्र करू दे, सारखंच असतं. खरंच सारखं असतं का?

निळी शाई
ताई, सारखं नाही. समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय) या पदाच्या जुन्या जाहिराती काढून शैक्षणिक अर्हतेचा रकाना वाचा. तिथे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी मागतात. एमए समाजशास्त्रवाल्यांचे अर्ज छाननीतच बाजूला पडतात. मुंबईच्या टिसची (टाटा समाजविज्ञान संस्था) पदवी एमए नावाची असते, पण ती समाजकार्यातली एमए, म्हणून चालते. पदवीच्या नावात समाजकार्य आहे ना, एवढं नक्की करा.

फीतला फरक अनुदानाचा. राज्यातल्या अनुदानित समाजकार्य महाविद्यालयांचं वेतन अनुदान सामाजिक न्याय विभागाकडून येतं. त्यामुळे तिथली फी वर्षाला काही हजारांत राहते. विनाअनुदानित ठिकाणी प्राध्यापकांचा पगारही विद्यार्थ्यांच्या फीतूनच निघतो. फसगत होते ती इथे: एकाच संस्थेत एक तुकडी अनुदानित आणि दुसरी विनाअनुदानित असू शकते, इमारत तीच, प्राध्यापकही पुष्कळदा तेच. म्हणून "कॉलेज अनुदानित आहे का" असं विचारू नका. "मला मिळणारी जागा अनुदानित तुकडीतली आहे का" असं विचारा, आणि प्रवेशपत्रावर तसं लिहून घ्या.

नागपुरात मातृसेवा संघाची समाजकार्य संस्था आणि तिरपुडे कॉलेज ही जुनी नावं आहेत. वर्धा आणि यवतमाळलाही समाजकार्य महाविद्यालयं आहेत. उमरखेडहून यवतमाळ जवळ पडतं, तेही यादीत घ्या. फक्त तिथे वैद्यकीय व मनोचिकित्सा समाजकार्य हे विशेषीकरण आहे का, ते आधी विचारा. हिला दवाखान्यातच जायचं असेल तर समुदाय विकास या विशेषीकरणाची जागा स्वस्त मिळाली तरी ती तिच्या कामाची नाही.

बाभूळबन
वरच्या उत्तरात एक भर. फीचा आकडा तोंडी घेऊ नका, मागच्या वर्षीची पावती बघायला मागा. पावतीवर शिक्षण शुल्काखाली ग्रंथालय, जिमखाना, विद्यापीठ नोंदणी, अनामत अशी कलमं असतात. क्षेत्रकार्य (दवाखाना किंवा सामाजिक संस्थेत जाऊन करायचं प्रत्यक्ष काम), ग्रामीण शिबिर आणि अभ्यासदौरा यांचे पैसे काही ठिकाणी त्यात धरलेले असतात, काही ठिकाणी वर्षाच्या मध्ये वेगळे मागतात. गरीब घरातली मुलं अडकतात ती बहुतेक इथेच. फी माफ झालेली असते, पण डिसेंबरात दौऱ्याचे पैसे एकरकमी भरा अशी सूचना लागते.

क्षेत्रकार्याचा हिशोब वेगळा मांडा. साधारणपणे आठवड्याचे दोन दिवस संस्थेत जावं लागतं. वर्षाचे ५० दिवस धरा. जाऊन-येऊन ६० रुपये लागले तर ३००० रुपये, दोन गाड्या बदलाव्या लागल्या तर त्याच्या दुप्पट. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे (१७ मार्च २०२३ पासून), पण शहर बसला ती सवलत धरू नका. संस्था ठरवण्याआधीच क्षेत्रकार्य समन्वयकांना राहण्याचा पत्ता लेखी द्यावा आणि जवळची संस्था मागावी. याद्या लागल्यावर बदल करून मिळणं अवघड जातं.

क्षेत्रकार्याचे गुण हजेरी आणि अहवालावर असतात. अहवाल त्याच रात्री लिहायचा: तारीख, वेळ, कोणाला भेटले, काय बोलणं झालं, आपण काय केलं, पुढच्या भेटीत काय करायचं. "रुग्णाला समुपदेशन केले" या एका ओळीला गुण मिळत नाहीत. "टीबीच्या गोळ्या तिसऱ्या आठवड्यात का सोडल्या असं विचारलं, उलट्या होतात म्हणाली, डॉक्टरांकडे नेलं" असं लिहावं लागतं. क्षेत्रकार्यात नापास झालं की पुन्हा ते सगळे दिवस भरायचे, म्हणजे खोलीभाड्याचं आणखी एक सत्र अंगावर.

पैनगंगाकाठ
खूप उपयोगी, आभार. यवतमाळची चौकशी उद्याच करते. शिष्यवृत्तीचं कसं? आणि इग्नूचं कुणी बोललं नाही.

तहसील रोड
तिच्यासाठी तीन गोष्टी, याच क्रमाने.

पहिली, भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. उत्पन्नाची मर्यादा २.५ लाख, म्हणजे ती बसते. अर्ज महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावर. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेऊ नका, त्याला ही शिष्यवृत्ती मिळत नाही. घाईत "जागा आहे, लगेच भरा" म्हणणारे हेच विद्यार्थ्याला सांगत नाहीत, म्हणून ठळकपणे लिहितो. पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क मागू नये असे शासनाचे आदेश आहेत, ते नम्रपणे पण ठामपणे दाखवा.

दुसरी, मागासवर्गीय मुलींचं शासकीय वसतिगृह. राहणं-जेवण मोफत. अर्ज वेळेत करा, प्रवेश पक्का होईपर्यंत थांबलात तर जागा भरून जातात.

तिसरी, वसतिगृह मिळालं नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. नागपूरसाठी वर्षाला ६० हजार, लहान शहरांत रक्कम कमी होते. पण हे पैसे हजेरी तपासून उशिरा खात्यात येतात. पहिल्या तीन-चार महिन्यांचं भाडं आणि मेसचे पैसे हातात ठेवूनच तिला पाठवा. तुमचे २५ हजार त्यासाठीच राखा, फीत घालवू नका.

अर्ज अडतो तो साध्या कारणांनी. खातं आधारशी जोडलेलं असतं, पण डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात जमा होण्यासाठी) दुसऱ्याच बँकेचं खातं सक्रिय असतं, आणि पैसे तिकडे जातात. बँकेत "आधार सीडिंग, एनपीसीआय मॅपिंग" असे शब्द वापरून विचारा. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत तपासा. दाखला, गुणपत्रिका आणि आधार यांवर नावाचं स्पेलिंग एकच हवं. अर्ज भरला म्हणजे झालं नाही, कॉलेजच्या लॉगिनमधून तो पुढे जावा लागतो. दर पंधरा दिवसांनी स्थिती बघा, अडकला असेल तर शिष्यवृत्तीच्या लिपिकांकडे छापील प्रत घेऊन जा. दुसऱ्या वर्षी नूतनीकरण विसरू नका.

निळी शाई
इग्नूबद्दल. पदवी केंद्रीय विद्यापीठाची आहे, तिला कमी लेखू नये. पण ती घरबसल्या होत नाही, तिथेही पर्यवेक्षकाच्या हाताखाली क्षेत्रकार्य आणि त्याची नोंदवही पूर्ण करावीच लागते. माध्यम हिंदी किंवा इंग्रजी. दोन वर्षांचा अभ्यासक्रम चार वर्षांपर्यंत लांबवता येतो, त्यामुळे नोकरी करणाऱ्यांना, आशाताईंना, अंगणवाडीतल्या बायांना तो फार सोयीचा आहे. तुमच्या मुलीसाठी नाही. तिला जे मोफत मिळू शकतं, वसतिगृह आणि निर्वाहाचे पैसे, ते नियमित प्रवेशाशी बांधलेले आहेत. शिवाय मोठ्या रुग्णालयात क्षेत्रकार्याची जागा बहुतेक कॉलेजच्या पत्रावरच मिळते, आणि उमरखेडला राहून ती स्वतः शोधणं कठीण.

यवतमाळला सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आहे. चौकशीला जाल तेव्हा कॉलेजचे विद्यार्थी तिथे क्षेत्रकार्याला जातात का, हेच पहिल्यांदा विचारा.