मदत हवी आहे: दादा ४० दिवसांचा उपास करतोय, तो सुखरूप सोडवायचा कसा?

घाईत लिहितेय, सांभाळून घ्या. माझा मोठा भाऊ नुसत्या पाण्यावर उपास-प्रार्थना करतोय, प्रभू येशूने ४० दिवस केला तसा. दोन आठवडे उलटून गेलेत. त्याच्या विश्वासाबद्दल मला काही म्हणायचं नाही, लेंटमध्ये (ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत) मी पण उपास धरते, पण त्याला शुगर आहे, बीपी आहे, आणि आता उठला की भिंत धरूनच उभा राहतो, डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणतो, बोटातली अंगठी आपोआप गळायला लागली म्हणून काढून ठेवलीय. डॉक्टर म्हणतात लगेच घेऊन या, हा जागचा हलत नाही.

गोळ्या घेतोय की बंद केल्यात ते धड सांगत नाही. ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी उपाशीपोटी घेतली तर शुगर एकदम खाली येऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. आणि डापाग्लिफ्लोझिनसारख्या शुगरच्याच दुसऱ्या गोळीत तर मीटरवर आकडा बरा दिसत असतानाही कीटोन (चरबी जळून तयार होणारी आम्लं) वाढून रक्त आम्लधर्मी होऊ शकतं, म्हणजे मीटरवर पण विसंबता येत नाही.

पण मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती उपास सोडायच्या दिवसाची. त्या दिवशी सगळ्यांनी मिळून जेवायचं ठरवलंय! इतके दिवस पोटात काही नसताना एकदम पोटभर जेवलं, त्यात गोड असलं, की इन्सुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने पेशींत ओढलं जातं आणि हृदयाचे ठोके बिघडून जीव जाऊ शकतो. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. ५ दिवसांच्या वर उपाशी असेल तरी डॉक्टर धोका धरतात, १० च्या वर तर फारच. हे घरात कुणालाच पटत नाहीये, सगळे म्हणतात एकदा जेवला की ताकद येईल.

कुणी असा लांबलेला उपास अ‍ॅडमिट करून सोडवलाय का? पहिल्या दिवशी किती आणि काय देतात, व्हिटॅमिन बी१ आधी देतात का, फॉस्फेटची टेस्ट वेगळी सांगावी लागते का?

दुसरं म्हणजे त्याच्याशी बोलायचं कसं. बायबलमधल्या दानीएल संदेष्ट्याने ३ आठवडे फक्त रुचकर अन्न, मांस आणि द्राक्षारस सोडला होता, कॅथलिकांमध्येही आजारी माणसाला उपासातून सूट असते, हे सगळं सांगून झालं, ऐकत नाही. पाळकांचं ऐकेल, पण त्यांच्याशी विषय कसा काढू? कुणी पाळक किंवा नर्स असाल तर प्लीज लिहा. आणि कुठली लक्षणं दिसली की त्याचं काही न ऐकता सरळ हॉस्पिटलला न्यायचं, ते आधी सांगा.