शब्दचर्चा: उधाण, भांग आणि पाण्याची ओढ

प्रश्न: धक्क्यावर बसून समुद्रात गळ टाकायला नुकतीच सुरुवात केली आहे. उधाण म्हणजे मोठी भरती आणि भांग म्हणजे ओहोटी, असं समजलं तर चालेल का?

उत्तर: नाही चालणार. उधाणात भरतीही येते आणि ओहोटीही, तसंच भांगातही. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात. तेव्हा पाणी नेहमीपेक्षा वर चढतं आणि तितकंच खालीही उतरतं. हे उधाण. अष्टमीच्या आसपास चंद्र-सूर्य काटकोनात असतात, चढ-उतार कमी होतो. तो भांग. बातम्यांमध्ये वादळी लाटांनाही सर्रास 'उधाण' म्हणतात. भरतीच्या हिशेबात तो अर्थ धरू नका.

प्रश्न: मग 'ओढ'?

उत्तर: गळ टाकणाऱ्याच्या दृष्टीने सगळ्यात कामाचा शब्द हाच. भरती-ओहोटी म्हणजे पाण्याचं चढणं-उतरणं. ओढ म्हणजे त्यामुळे पाणी आडवं वाहतं तो जोर. 'भरतीला जा' हा सल्ला म्हणूनच मला अपुरा वाटतो. पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. ढोबळ हिशेब असा: भरती-ओहोटीत 4 मीटरचा फरक असेल, तर पहिल्या तासात साधारण 33 सेंटिमीटर चढतं, तिसऱ्या आणि चौथ्या तासात मात्र एकेक मीटर. बहुतेक ठिकाणी ओढही याच मधल्या तासांत जोरात असते, आणि उधाणात ती आणखी वाढते.

धक्क्याच्या खांबांकडे नीट पाहा. पाणी एका अंगाने खांबावर आपटतं, दुसऱ्या अंगाला भोवरे फिरतात आणि मधे थोडं संथ पाणी उरतं. मासे या आडोशाला, प्रवाहाकडे तोंड करून थांबतात आणि वाहत आलेलं खाणं टिपतात. पण पाणी येतं त्या बाजूने गळ टाकलात, तर तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) धक्क्याखाली ओढला जाऊन खांबावरच्या शिंपल्यांना घासून तुटतो. नवख्याने पाणी जातं ती बाजू धरावी. गळ बुडवायला लावलेलं वजन, म्हणजे शिसं, गोल असेल तर तळावर गडगडत जातं; जोराच्या ओढीत टोकदार किंवा चपटं शिसं बरं.

प्रश्न: भरती पूर्ण झाली की ओढ थांबते ना?

उत्तर: दर वेळी नाही. खाडीच्या अरुंद तोंडाशी बाहेरचं पाणी उतरायला लागलं, तरी आत शिरणारा प्रवाह बराच वेळ चालू राहतो. म्हणून 'भरतीची वेळ' आणि 'पाणी वळण्याची वेळ' वेगळी धरा. तरंगता फेस कुठे सरकतोय ते बघा. तो जागीच घुटमळला की पाणी थांबलंय, उलट निघाला की वळलंय. मासे पुष्कळदा त्यानंतरच पुन्हा खायला लागतात, तेव्हा थांबलेल्या पाण्यात सामान आवरू नका. आणि ही वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते; कालच्या वेळेवर आज विसंबू नका.