घरामागच्या शेडला जादा लोड द्यायचाय, वायर कुठली ओढू?

दुधाळीचा_पोरगा
नमस्कार मंडळी. आमचं कोल्हापुरात दुधाळीत जुनं घर आहे, मागं परड्यात गाडी लावायचं पत्र्याचं सुटं शेड आहे, घरातल्या बोर्डापासून साधारण 80 फूट. बाबा उद्यमनगरात 35 वर्षं टर्नर होते, रिटायर झाल्यापासून घरात त्यांचा जीव रमत नाही म्हणून शेडमध्ये 2 एचपीचा सिंगल फेज कॉम्प्रेसर घेतला आणि आता ओळखीतून जुनं लेथ (लोखंड कातायचं) मशीन येतंय, त्याला 2 एचपीची थ्री फेज मोटर आहे. शेडला सध्या 1.5 स्क्वेअर एमएमची वायर आहे, ती दोन बल्ब आणि एका पंख्यासाठी ओढलेली. कॉम्प्रेसर चालू केला की बल्ब एकदम मंद, मोटर नुसती घूंऽऽ करत राहते आणि एमसीबी (जादा करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच) पडतो. वायरमनला बोलावलं तर त्यानं 16 अँपिअरचा काढून 32 चा बसवून दिला, आता पडत नाही पण कॉम्प्रेसर चालला की वायरचा पाईप हाताला गरम लागतो. थ्री फेज मीटर घ्यावं का? बाहेरची कामं घ्यायची नाहीत, बाबांच्या हौसेपुरतंच आहे.

तारमास्तर
भावा, मीटरचं नंतर बघू, आधी तो 32 चा एमसीबी आजच्या आज काढ आणि कॉम्प्रेसर बंद ठेव. एमसीबी मशीनसाठी नसतो, वायर जळू नये म्हणून असतो. 1.5 च्या वायरला 10 चा, फार तर 16 चा. 32 चा टाकलास म्हणजे आता वायर आधी वितळणार आणि एमसीबी बघत बसणार, पाईप गरम लागतोय ते त्याचंच लक्षण आहे.

मोटर का उठत नाही ते सांगतो. 80 फूट म्हणजे जायचे-यायचे धरून जवळजवळ 50 मीटर तांबं, 1.5 मध्ये त्याचा रेझिस्टन्स 0.6 ओहम. 2 एचपी चालताना 10 अँपिअर घेते तेव्हा 6 व्होल्ट पडतात, त्याचं काही नाही, पण सुरू होताना ती पाचपट करंट मागते, 50 अँपिअर धर, म्हणजे 30 व्होल्ट वायरीतच गेले, मोटरला 200 मिळाले, आणि संध्याकाळी लाईनच कमी असली तर त्याहून खाली. तेच 6 स्क्वेअरची केबल टाकली तर 8 व्होल्टच पडतात. थ्री कोर 6 ची तांब्याची आर्मर्ड (वरून लोखंडी कवच असलेली) केबल घे, अडीच फूट चर, खाली-वर वाळू आणि वरून विटा, म्हणजे उद्या कुणी कुदळ मारली तरी आधी वीट लागेल. घराकडं 32 चा सी कर्व्ह एमसीबी (मोटर सुरू होतानाच्या झटक्याला लगेच न पडणारा) टाक, हितं 6 ची केबल असल्यामुळं तो चालतो. शेडमध्ये वेगळा बोर्ड, लाईटला 6 चा, दोन्ही मशीनला आपापला.

रिवाइंडिंग_कट्टा
लेथसाठी थ्री फेज मीटर घ्यायची गरज नाही. सिंगल फेज घेऊन थ्री फेज देणारा व्हीएफडी मिळतो, पण तो 230 चं थ्री फेज देतो, आणि आपल्याकडच्या लहान मोटरी बहुतेक 415 वर स्टारमध्ये (वायंडिंगची तीन टोकं एकत्र बांधून) जोडलेल्या असतात. टर्मिनल बॉक्स उघडून बघा, सहा टोकं बाहेर असली तर पट्ट्या बदलून डेल्टा (त्रिकोणी जोड, 230 वर चालणारा) करायचं, काम झालं. तीनच टोकं असली तर वायंडिंगवाल्याकडून आतला जोड उघडून घ्यावा लागेल. दुसरा फायदा असा की मोटर हळूहळू उठते, सुरू होतानाचा तो झटका लाईनीवर येतच नाही. प्लेटवर काय लिहिलंय त्याचा फोटो टाका.

शुक्रवार_पेठ_मावशी
बाळा, अर्थिंगचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितेय. पत्र्याचं शेड, लोखंडी मशीन, पावसाळ्यात ओली जमीन आणि वडील वयस्कर. शेडजवळ स्वतंत्र अर्थिंगचा खड्डा घे आणि केबलमधली अर्थची वायर पण घराच्या अर्थिंगला जोड, आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) लाव, व्हीएफडीबरोबर कुठल्या टाईपचा चालतो ते त्याच्या पुस्तकात असतं. अर्थिंग नीट मिळत नाही म्हणून न्यूट्रललाच जोडून देणारे आहेत, त्यांना हात लावू देऊ नको, न्यूट्रल सुटला की सगळं मशीन लाईव्ह होतं. आमच्या शेजारी असंच झालं होतं, नळाला हात लावला आणि पोरगी फेकली गेली, वाचली म्हणून बरं.

आणि दुधाळीत आहेस तर बोर्ड 2019 च्या महापुराच्या पाण्याच्या वर लाव. धोक्याची पातळी 43 फूट, त्या ऑगस्टमध्ये पंचगंगा 55 च्या वर गेली होती. जमिनीत केबल आहे ती राहू दे, पण सॉकेट आणि जॉइंट खाली नकोत.

तारमास्तर
मावशींचं अगदी बरोबर. अजून एक, बिलावर मंजूर भार किती आहे बघ, ह्या दोन मशीनचे 3 किलोवॅट वाढतील, महावितरणकडं अर्ज करून वाढवून घे. पैसे घेऊन बाहेरचं काम मात्र घरच्या मीटरवर करू नका, 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 126 खाली दुप्पट दरानं आकारणी होते.

दुधाळीचा_पोरगा
सगळ्यांचे मनापासून आभार. 32 चा काढला, कॉम्प्रेसरची पिन काढून ठेवलीय. पाईप उघडून बघितला तर बेंडजवळ इन्सुलेशन तपकिरी होऊन चिकटलं होतं, फोटो बाबांना दाखवला तर ते बराच वेळ गप्पच बसले. भिंतीवर 2019 च्या गाळाची रेघ अजून आहे, खिडकीच्या चौकटीला लागून, बाबांनी तिच्या वर दीड फुटावर खडूनं बोर्डाची खूण केलीय. चर रविवारपासून काढतोय. मोटरला टोकं सहा आहेत.