झीनत अमानचे केस पांढरे झाले म्हणून तिला माफ?

कडूकारले
परवा एका व्हॉट्सॲप गटात एका गृहस्थांनी लिहिलं, "झीनत अमान आता किती ग्रेसफुल दिसते! पांढरे केस, चष्मा, शहाणं बोलणं. तरुणपणीचा सगळा चावटपणा धुऊन काढला तिनं." खाली हात जोडलेल्या इमोजींची ही रांग. मी उत्तर लिहिलं, ॲडमिननं उडवलं. म्हणून इथं.

काय धुऊन काढलं हो? फेब्रुवारी २०२३ मध्ये बाई इन्स्टाग्रामवर आल्या. तेव्हापासून एकदा तरी 'चुकलं माझं' म्हणाल्यात? राज कपूरच्या 'सत्यम शिवम सुंदरम' सिनेमाच्या लुक टेस्टचा फोटो स्वतःहून टाकला आणि वर लिहिलं की माणसाच्या शरीरात मला तेव्हाही काही अश्लील दिसलं नाही, आजही दिसत नाही. देव आनंदनं २००७ च्या आत्मचरित्रात तिच्यात आणि राज कपूरमध्ये जवळीक असल्याचं जे सुचवलं होतं, त्याचाही तिनं इतक्या वर्षांनी तिथंच समाचार घेतला. बाई तीच आहे. आता तिच्याकडं बघताना तुम्हाला चोरटं वाटत नाही, म्हणून तुम्हीच तिला सोज्वळ करून टाकलंत.

पेन्शनर_दादर
ताई, बीपीची गोळी घेतलीत का? मी तो पिक्चर १९७८ ला बघितलाय, सहकुटुंब. नाव देवाचं, म्हणून वडील आजीलाही घेऊन आले होते. मध्यंतरात सगळ्यांना उठवून बाहेर काढलं आणि तिकिटाचे पैसे पुढं कितीतरी दिवस आम्हाला ऐकवले, जणू पिक्चर आम्ही काढला होता. कला-बिला काही नाही, गल्ला भरायचा धंदा होता. त्या गृहस्थांचं काय चुकलं?

लोणीकर
काका, तो सेट आमच्याकडचा. राज कपूरचा मळा लोणी काळभोरला, नदीकाठी. आमचे थोरले मामा तिथं देवळाच्या सेटवर मजुरीला होते. ते सांगायचे, बाई थंडीत ओलेत्या कपड्यांत कुडकुडत उभ्या असायच्या, शॉट संपला की घोंगडीत. चावटपणा करायला कुणी असं उभं राहत नाही, पगारासाठी राहतं. आता तिथं एमआयटीचं कॅम्पस आहे आणि राज कपूरचं स्मारक. स्मारक त्यांचं, बदनामी हिची.

कडूकारले
लोणीकर, लाखातलं बोललात. अश्लीलतेचा खटलासुद्धा राज कपूरवर होता. सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, न्या. कृष्ण अय्यरांच्या खंडपीठानं तो रद्द केला. तो माणूस कागदोपत्री सुटला. हिच्यावरचा खटला चाळीतल्या ओट्यावर चालला, तिथं अपील नसतं. आणि भूमिका कुणी ताटात वाढून दिली नव्हती. घागरा-चोळी घालून, सिनेमातल्या नायिकेसारखा भाजलेला गाल दिसावा म्हणून चेहऱ्याला टिश्यू पेपर चिकटवून ती राज कपूरच्या दारात गेली होती. ही अक्कल कुणाला दिसत नाही.

कट्टर_कोल्हापुरी
हिंदीवाल्यांचं कौतुक पुरे. आमच्या हंसा वाडकरांनी १९७० साली 'सांगत्ये ऐका' या आत्मचरित्रात दारू, पुरुष, घर सोडून जाणं, सगळं स्वतःच्या नावानं छापलं. इन्स्टाग्राम नव्हतं, पीआर नव्हता. त्यावरून बेनेगलांनी 'भूमिका' काढला. आज किती पोरींना नाव माहीत आहे? मराठी माणूस मराठी नटीला विसरणार आणि पाचगणीत शिकून अमेरिकेला जाऊन आलेल्या मॉडेलसाठी गळा काढणार!

कडूकारले
हंसाबाई पुढच्याच वर्षी गेल्या. गेलेल्या बाईचं धाडस आपल्याला सोसतं. जिवंत बाई बोलायला लागली की पोटात दुखतं.

पेन्शनर_दादर
पोटात दुखण्याचंच म्हणता, तर एप्रिल २०२४ विसरलात? लग्नाआधी एकत्र राहून बघा, असा जाहीर उपदेश केला बाईंनी! मुमताजनं झीनतच्याच लग्नाचा दाखला देऊन तिथल्या तिथं तोंड बंद केलं. स्वतःचा संसार धड झाला नाही त्यानं दुसऱ्याला शिकवू नये.

लोणीकर
म्हणजे ज्याला ठेच लागली त्यानं खड्डा दाखवायचा नाही? धन्य.

वैशाली_न्यूजर्सी
मला केसांवर बोलायचंय. तिनं लिहिलं होतं की रंगवणं थांबवायचं ठरवलं तेव्हा लोकांनी परावृत्त केलं, कामं मिळणार नाहीत म्हणाले. ते वाचून मीही थांबवलं. भारतात आले तर हळदीकुंकवाला एका मावशींनी कुंकू लावता लावता कानात विचारलं, "तिकडं सगळं ठीक ना गं?" शेजारी माझा नवरा, त्याच्या डोक्याचा कापूस झालाय, त्याला "काय रुबाबदार दिसतोस रे!"

सुमी_ठाणे
+१००. आमच्या ऑफिसात साहेब पांढरे झाले की अनुभवी, बाई पांढरी झाली की 'हल्ली थकल्यासारख्या वाटता'.

पेन्शनर_दादर
केस रंगवा नाहीतर भादरा, धाग्याचा विषय काय?

वैशाली_न्यूजर्सी
हाच विषय आहे काका. तुम्ही रंगवता का?

पेन्शनर_दादर
मी मेंदी लावतो. नैसर्गिक.

सुमी_ठाणे
काळी होते का ती मेंदी? मग नैसर्गिक नव्हे. पाकिटाच्या मागं बारीक अक्षरात पीपीडी, म्हणजे केस काळे करणारं रसायन, लिहिलेलं असतं, ते वाचा. माझ्या बहिणीचे डोळे सुजून बंद झाले होते लग्नाच्या आदल्या दिवशी. नुसत्या मेंदीनं केस केशरीच होणार.

कट्टर_कोल्हापुरी
चला, हंसाबाई राहिल्या बाजूला. या संस्थळावर काही गंभीर लिहायची सोय नाही.

कडूकारले
तुम्हीच लिहा की हंसाबाईंवर वेगळा धागा. गेली दोन वर्षं नुसती धमकी देताय.

कट्टर_कोल्हापुरी
तुमच्यासारखे वाचक असतील तर कशाला हात काळे करू? इंग्रजी पोस्टी वाचून क्रांती करणाऱ्या तुम्ही.

कडूकारले
वैयक्तिक होऊ नका. आणि 'सांगत्ये ऐका' माझ्या उशाशी असतं, तुमच्यासारखं नुसतं प्रतिसादात नाही.

पेन्शनर_दादर
बरं बाई, मानलं. झीनत खंबीर आहे, हुशार आहे, तिनं माफी मागितली नाही आणि मागायचं कारणही नाही. झालं समाधान? पिक्चर मात्र भिकार होता.

कडूकारले
पिक्चर भिकार होता यावर मी कधी वाद घातला?

लोणीकर
मी घालतो! लताबाईंच्या गाण्यांसकट भिकार म्हणता?

पेन्शनर_दादर
गाणी सोडून म्हणालो. बाकी ते पीपीडी पाकिटावर नेमकं कुठं लिहिलेलं असतं? माझा चष्मा जुना झालाय.