मदत हवी आहे: कोकणातून आणलेल्या वह्यांना बुरशी लागलीये

नमस्कार मंडळी, मी फ्रीलान्स लेखिका आहे, अडीच महिने रत्नागिरी-राजापूर भागात फिरून परवा रात्रीच्या एसटीने पुण्यात घरी आले. कातळशिल्पांवर (उघड्या खडकात कोरलेली जुनी चित्रं) लिहायचंय, ती २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेलीयेत ना, त्यांच्यावर. उक्षीचा हत्ती, कशेळी, बारसूचा सडा (कातळाचं पठार) सगळं बघितलं, आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांशी तासन्‌तास बोलून सगळं हाताने वहीत उतरवलं, कारण रेकॉर्डर काढला की माणसं गप्प होतात.

आता बॅग उघडली तर सातपैकी तीन वह्यांना बुरशी!! शेवटचे पंधरा दिवस नुसता पाऊस, आणि मी वह्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवल्या, तिथेच चुकलं. पानं एकमेकांना चिकटलीयेत, जेल पेनाची शाई पसरलीये. एका आजींनी सांगितलेली सड्याची जुनी नावं त्यातच आहेत आणि ती दुसरीकडे कुठेच लिहिलेली नाहीत, म्हणून जीव नुसता टांगणीला लागलाय.

आई म्हणते उन्हात टाक, पण उन्हाने शाई उडेल ना? सध्या पंख्याखाली सावलीत उभ्या ठेवल्यात, सुटी पानं आहेत त्यांचे फोटो काढून घेतलेत. चिकटलेली पानं न फाडता कशी सोडवायची? फ्रीझरमध्ये ठेवल्यावर बुरशी वाढायची थांबते असं वाचलंय, कोणी स्वतः केलंय का? आणि भांडारकर संस्थेत किंवा पुण्यात अजून कुठे साध्या वह्यांसाठी सल्ला देणारं कोणी माहीत असेल तर प्लीज सांगा, कोथरूडला राहते, आजच निघू शकते.