पेटी आपली झाली, की आपण पेटीचे झालो?

जवारीदार
'पेटी (हार्मोनियम) आता आपलीच' असं सरसकट म्हटलं जातं. मला उलट वाटतं: पेटी थोडी बदलली, आपले कान फार बदलले. सप्तकाचे १२०० बारीक भाग (सेंट) धरले तर तानपुऱ्यातून आपोआप उमटणारा स्वयंभू गांधार (ग) सा पासून ३८६ वर, पेटीचा ४०० वर. सा काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी, २७७ हर्ट्झ) असेल तर दोन गांधारांत पावणेतीन हर्ट्झचा फरक, म्हणजे दोन्ही एकत्र वाजले की आवाजात सेकंदाला जवळजवळ तीन हेलकावे. भूप रागात गांधारावर थांबून ऐका. ते आता कुणाला बोचतही नाहीत, हीच तक्रार आहे.

डावा_हात
थोडी बदलली? पॅरिसच्या देबँचं १८४२ चं पेटंट खुर्चीवर बसून वाजवायच्या वाद्याचं: हवा पायांनी भरायची, दोन्ही हात पट्ट्यांवर. आपला वादक मांडी घालून बसतो. कोलकात्यात द्वारकानाथ घोषांनी भाता मागे नेऊन हाताशी दिला. डावा हात भात्यात अडकला आणि दोन हातांची हार्मनी (एकाच वेळी अनेक सूर) आपोआप सुटली! उरली एकेरी सुरावट, ख्यालाला हवी तेवढीच.

शिवाय तबला 'काळी एकचा' म्हणून मागतात. सारंगीवर गाणाराही आपला सा 'पांढरी चार' असाच सांगतो. एवढं मुरलेलं परकं म्हणायचं?

जवारीदार
मुरलंय म्हणूनच धोका. मोजपट्टीच चुकीची असेल तर चूक दिसणार कशी?

खरवडणी
गांधार उतरवणं अवघड नाही. सुराची पितळी पात रिव्हेटकडे (ती जिथे ठोकलेली असते तिथे) खरवडली की सूर उतरतो, टोकाकडे खरवडली की चढतो. हलक्या हाताने, दर वेळी वाजवून बघत. जास्त खरवडली की पात कमजोर होते.

गोची पुढे आहे. काळी एकचा गांधार म्हणजेच पांढरी चार. ती १४ सेंट उतरवली आणि कोमल धैवत (पांढरी सहा) ८१४ वर चढवला, की काळी एकचा गायक खूश. नंतर पांढरी चारचा गायक बसला, तर त्याचा गांधार ४२८ वर, म्हणजे ४२ सेंट चढा. आधी निदान १४ च होता. स्केल चेंजरनेही (पट्ट्या सरकवून सा बदलायची सोय) भागत नाही, कारण पट्ट्या सरकतात, सूर जागेवरच राहतात. डॉ. विद्याधर ओकांच्या २२ श्रुतींच्या पेटीत सा-प अचल आणि बाकीच्या दहा स्वरांना दोन-दोन श्रुती (सुराच्या बारीक जागा) आहेत, पण रागाप्रमाणे त्या आधी निवडाव्या लागतात.

रेडिओ_१९४०
शुद्धतावाद्यांसाठी एक गंमत. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली. त्याआधी, १९३८ मध्ये, तिच्यावर तुटून पडणारा लेख लिहिला होता जॉन फोल्ड्स यांनी. हे दिल्ली केंद्रावर पाश्चात्य संगीत सांभाळणारे इंग्रज! रवींद्रनाथ आणि नेहरूही विरोधातच. बंदी १९७१ पासून सैल होत गेली. तोवर भजनात, कव्वालीत, नाटकात पेटी चालूच होती.

जवारीदार
इंग्रजाने म्हटलं म्हणून १४ सेंट कमी होत नाहीत. आणि मींडेचं, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याचं काय? दोन पट्ट्यांच्या मध्ये जागाच नाही. दरबारी रागाचा आंदोलित (हळू झुलणारा) गांधार कुठून काढणार?

डावा_हात
काढायचाच नाही. जाणता साथीदार तिथे ऋषभ धरतो, भाता हलका करतो आणि गायक गांधारावरून उतरला की मगच पुन्हा बोट टाकतो.