शार्क दिसला तेव्हा तुम्ही काय केलंत?

स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली पोहणं) करतो म्हटलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. शार्क पाहिलास का? केवढा होता? दुसऱ्याचं उत्तर मी दरवेळी थोडं वाढवून देतो, आणि त्यात सगळा दोष माझा नाही. मास्कच्या काचेतून पाण्याखालचं सगळं साधारण एक तृतीयांश मोठं दिसतं. म्हणून इथे लांबी-रुंदी राहू द्या. शार्क दिसला त्या क्षणी तुम्ही नेमकं काय केलंत, तेवढं लिहा.

माझ्यापासून सुरुवात करतो. थायलंडमध्ये फी फी बेटांजवळ, माझी अकरावी डाइव्ह. डाइव्ह मास्टरने, म्हणजे पाण्याखालच्या आमच्या वाटाड्याने, कपाळावर तळहात उभा धरला, म्हणजे शार्क. मी चहूकडच्या निळ्या पाण्यात शोधत राहिलो आणि महाराज माझ्या पोटाखाली वाळूवर पसरलेले! लेपर्ड शार्क. अंगभर ठिपके, शेपूट संपता संपत नाही. (पिल्लाच्या अंगावर पट्टे असतात, म्हणून याला झेब्रा शार्कही म्हणतात. मोठेपणी पट्टे जाऊन ठिपके येतात.) मी काय केलं, तर श्वास रोखला. पहिल्याच दिवशी शिकवतात की काहीही करा, पण श्वास रोखू नका. छाती भरलेली, त्यामुळे मी फुग्यासारखा वर निघालो. बडीने, म्हणजे डाइव्हमधल्या जोडीदाराने, पायातला फिन धरून खाली ओढलं. शार्क तसाच पडून.

* * *

माझं नेमकं उलट. मालदीवमध्ये चॅनेलच्या (प्रवाळाच्या खडकांमधल्या समुद्रवाटेच्या) तोंडाशी, २५ मीटरवर, खडकात हुक अडकवून करंटमध्ये पताकेसारखे फडफडत होतो. समोर बारा-पंधरा ग्रे रीफ शार्क. आम्ही जीव मुठीत धरून लोंबकळतोय आणि ते जवळपास शेपटीही न हलवता जागच्या जागी. मी भात्यासारखा श्वास घ्यायला लागलो. त्या खोलीवर दाब पाण्यावरच्या साडेतीनपट, म्हणजे हवाही तेवढीच भराभर संपते. हवेचा गेज पाहिला तर ६० बार, म्हणजे हवा संपत आलेली! सगळ्यांत आधी वर जाणारा मीच. पाच मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप (वर येण्याआधीचा थांबा) करताना पायांखाली त्यांची गस्त चालूच होती. मालदीवने २०१० मध्ये शार्क पकडायला बंदी घातली, हे बोटीवर आल्यावर कळलं.

* * *

६४ डाइव्ह, शून्य शार्क. कासवं मोप. लिहा लिहा, वाचतेय.

* * *

फिलिपिन्स, मालापास्कुआ. थ्रेशर शार्क पाहायला आम्ही अंधारातच बोटीत बसलो. हे मासे एरवी खोल पाण्यात असतात. उजाडताना अंग साफ करून घ्यायला रीफपाशी वर येतात. साफसफाई करणारे मासे बोटाएवढे, पण त्यांच्यासाठी हा एवढा मोठा प्राणी वेग कमी करून शांतपणे घिरट्या घालतो. आम्ही रीफच्या कडेला हालचाल न करता थांबलो होतो. फ्लॅश, टॉर्च सगळं बंद. बराच वेळ समोर नुसतं करडं पाणी. झोपमोड करून आलो ती फुकट, असं मनात आलंही.

मग त्या करड्यातून आधी डोळा आला. खरंच, आधी डोळाच. काळा, वाटोळा, चेहऱ्याच्या मानाने फार मोठा. मागून चंदेरी अंग, आणि मग शेपूट. ती अंगाएवढीच लांब असते. एरवी याच शेपटीचा फटका मारून तो सार्डिनना बधिर करतो म्हणे, पण त्या सकाळी ती नुसती रेशमासारखी वळत होती.

मी रडले. मास्कमध्ये पाणी शिरलं तर नाकाने कसं बाहेर काढायचं ते शिकवतात. ते पाणी आपलंच असेल तर काय, हे कुणी शिकवलं नव्हतं.

* * *

मी व्हेल शार्क पाहिलाय, पण सांगायला लाज वाटते. नाव घेत नाही, अशा एका ठिकाणी त्यांना होडीतून खायला टाकतात. एवढा थोरला प्राणी तोंड वासून होडीखाली उभा, भिकाऱ्यासारखा. भोवती आम्ही पन्नासेक माणसं, एकमेकांना लाथा मारत. एका शार्कच्या पाठीवर जुनी, लांब जखम होती. व्हेल शार्कच्या ठिपक्यांची नक्षी प्रत्येकाची वेगळी असते, त्यावरून अभ्यासक एकेक मासा ओळखतात. माझ्या फोटोत ठिपके कमी आणि माणसांच्या पायांतले फिन जास्त आहेत. पुन्हा तसं जाणार नाही.

* * *

मी माघार घेतली. कॅमेरा घेऊन एका ग्रे रीफ शार्कच्या फार जवळ गेलो. त्याने पाठ कमानीसारखी वाकवली, छातीजवळचे पर खाली केले आणि आखडून पोहायला लागला. हा सरळ इशारा असतो, ‘मागे हो’. डाइव्हआधीच्या ब्रीफिंगमध्ये सांगितलं होतं आणि मी तेव्हा लेन्स पुसत बसलो होतो. त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरकलो, तेव्हा तो निघून गेला. चूक शंभर टक्के माझी. फोटोही हललेला.

आणि ६४ वाल्या ताई, दिवसा कपारींत वाकून बघा. व्हाइटटिप रीफ शार्क तिथे पडून असतात. पोहायचा थांबला की शार्क मरतो, हे त्यांना लागू नाही. पडल्या पडल्या तोंडाने पाणी ओढून कल्ल्यांवरून सोडतात.

* * *

हे कुणी आधी का नाही सांगितलं? आता ६४ डाइव्हमध्ये किती जणांच्या डोक्यावरून पोहून गेले असेन, याचा हिशेब करत बसलेय.